पहिला सीक्यू देण्याआधी

हॅम रेडिओत, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून लोकांशी बोलण्यात, नवीन आलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, "कोणता संच घेऊ?" मीही हेच विचारलं होतं. ज्यांना विचारलं ते या छंदात मुरलेले होते. उत्तर द्यायचं सोडून त्यांनी मलाच विचारलं, "तार कुठे बांधणार?" (तार म्हणजे अँटेना.) मला वाटलं, टाळताहेत. आता कुणी मला संचाचं विचारलं की माझ्याही तोंडून तोच प्रश्न निघतो. पहिल्या वर्षात माझं जे जे बिघडलं, त्यात संचाचा दोष एकदाही नव्हता. तार चुकली, घरातल्या चार्जरने घोळ घातला, घड्याळ मागे पडलं आणि बऱ्याचदा माझी घाई नडली. म्हणून खाली दिलेल्या क्रमात संच विकत घेणं बरंच उशिरा येतं, आणि सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का, बोलायला या' अशी सगळ्यांना मारलेली हाक, त्याहून नंतर.

पहिला महिना: नुसतं ऐकायचं

ऐकायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक वेबएसडीआर आहे, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही चालवता येईल असा रिसीव्हर. असे रिसीव्हर आता जगभर आहेत. त्यातला एखादा उघडा, ७.०६० ते ७.२०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान जा आणि मोड एलएसबी ठेवा (एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीचा एक प्रकार; दुसरा यूएसबी). हा चाळीस मीटरचा बँड, म्हणजे फ्रीक्वेन्सींचा पट्टा; मीटर हे तरंगलांबीचे. इथे रात्री बहुतेक कुणी ना कुणी बोलत असतंच.

सुरुवातीला जे कानावर पडतं ते माणसाचं बोलणं वाटतच नाही. बदक नाकातून गाणं म्हणतंय असं काहीतरी. घाबरू नका, एसएसबी असंच असतं. फ्रीक्वेन्सी शंभर-शंभर हर्ट्झने सरकवत राहा. आवाज आधी चिरका होतो, मग घोगरा, आणि एका जागी येताच त्या बदकाचा अचानक माणूस होतो. हा क्षण मी अजूनही दर वेळी एन्जॉय करते. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या बँडवर एलएसबी आणि वरच्यावर यूएसबी, हा रिवाज लक्षात ठेवा. नाहीतर कितीही सरकवलं तरी बदकाचा माणूस होत नाही.

ऐकताना शेजारी वही हवी. वेळ, फ्रीक्वेन्सी, कॉलसाइन (स्टेशनचं अक्षर-आकड्यांचं नाव) आणि काय बोलणं झालं, एवढंच लिहायचं. कॉलसाइन पहिल्या फटक्यात कळणार नाही. अक्षरं नीट कळावीत म्हणून ए-बी-सीऐवजी म्हणायचा अल्फा, ब्राव्हो, चार्ली हा क्रम तुम्ही पाठ केलेला असतो, पण समोरचा अल्फाऐवजी 'अमेरिका' म्हणतो, नोव्हेंबरऐवजी 'नॉर्वे' म्हणतो आणि आपण अडखळतो. दोन आठवड्यांत कान सरावतो.

क्यू-कोडची यादी पाठ करत बसू नका, ऐकताना आपोआप चिकटतात. क्यूएसओ म्हणजे संपर्क, क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसबी म्हणजे सिग्नल वरखाली होणं. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा आणि क्यूआरएन म्हणजे विजांचा वगैरे कडकडाट. निरोप घेताना '७३'. मॉर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांच्या, काळापासून या जगात प्रत्येक पुरुष ओएम, म्हणजे 'ओल्ड मॅन', मग तो सोळा वर्षांचा का असेना. बाई कोणत्याही वयाची असली तरी वायएल, 'यंग लेडी'. मला मात्र निम्मे लोक सवयीने ओएमच म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

परवाना

प्रक्षेपण करायला परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते, आणि नियम देशागणिक बदलतात. ते आपापल्या देशाच्या नियामकाकडूनच वाचा, सांगोवांगी नको. तत्त्वं मात्र बहुतेक ठिकाणी सारखी आहेत: धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत, अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही आणि ठरावीक वेळाने आपला कॉलसाइन सांगायचा. मॉर्स येत नाही म्हणून मागे हटणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मॉर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली आणि त्यानंतर बहुतेक देशांनी ती परीक्षेतूनही काढली.

परवाना हातात येईपर्यंत वेळ जातो. तो वेळ तारेला द्या.

तार

पहिला अँटेना विकत घेऊ नका, बनवा. हाफ-वेव्ह डायपोलसारखा स्वस्त आणि शिकवणारा दुसरा अँटेना नाही. तारेचे दोन सारखे हात, मध्ये इन्सुलेटर, तिथून खाली येणारी ५० ओहमची कोएक्स केबल आणि जमलं तर मध्यभागी १:१ बॅलन, म्हणजे तारेचे दोन हात आणि केबल नीट जुळवणारा छोटा भाग. लांबीचं गणित सोपं आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रीक्वेन्सीने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधारण २०.१ मीटर, म्हणजे एकेक हात दहा मीटर आणि वर पाच-सात सेंटिमीटर.

मी हे गणित केलं, टेपने नेमकं मोजलं आणि तार कापली. मग इन्सुलेटरमधून ओवून गाठी मारल्या. प्रत्येक टोकाला गाठीत पंधरा सेंटिमीटर तार दुमडली गेली, एका हाताची दोन टोकं, म्हणजे हातामागे तीस. तार वर चढवली, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) मोजला तर ७.१ वर तीनच्या पुढे. सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर कुठे होता? ७.३३ वर, बँडच्या बाहेर. मला आधी केबलचा संशय आला, मग मीटरचा. दोन दिवसांनी हातात टेप घेऊन वरची तार मोजली तेव्हा कळलं. मग सोल्डरिंग आयर्न काढून तुकडे जोडत बसले.

तेव्हा तार साडेदहा मीटरचीच कापा. वर चढवा, मोजा, खाली उतरवा, थोडी दुमडा, पुन्हा चढवा. या बँडवर दोन्ही हातांतून दहा-दहा सेंटिमीटर कमी केले की अनुनाद, म्हणजे सगळ्यात कमी एसडब्ल्यूआरची जागा, साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. लगेच कापू नका. दुमडून स्वतःवरच गुंडाळली तरी तार तितकीच आखूड धरली जाते, आणि चुकलं तर सोडता येते. तारेवर प्लास्टिकचं आवरण असेल तर ती गणितापेक्षा थोडी आखूड लागते. दोन्ही टोकं उंच बांधायला जागा नसेल तर मध्यबिंदू वर आणि टोकं खाली असा उलटा 'व्ही' करा, फक्त वरचा कोन ९० अंशांपेक्षा लहान होऊ देऊ नका. एक फायदा फुकटात मिळतो: चाळीस मीटरचा डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालतो.

एसडब्ल्यूआरच्या मागे वेड्यासारखं लागू नका. २:१ असला तर साधारण ११ टक्के शक्ती परत फिरते, पलीकडच्याला तो फरक कळतसुद्धा नाही. ३:१ ला मात्र पाव भाग परततो आणि बहुतेक संच स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतात. केबलकडे जास्त लक्ष द्या. आरजी-५८ ची तीस मीटर केबल ७ मेगाहर्ट्झवर जवळपास पाव शक्ती वाटेतच खाते. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर पाऊण खाते.

आणि हे दोनदा वाचा. विजेच्या तारांच्या जवळपाससुद्धा अँटेना नेऊ नका, तुटून किंवा झोका घेऊन तो त्यांच्यावर पडेल अशा जागीही नाही. डायपोलच्या टोकांना प्रक्षेपणाच्या वेळी मोठा व्होल्टेज असतो, ती कुणाच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. वादळ येण्याआधी केबल संचापासून काढून घराबाहेर टाका. ढग गडगडायला लागल्यावर काढायला जाऊ नका.

घरातला गोंगाट

तार वर गेली, ऐकायचा रिसीव्हरही आला, आणि ऐकू काय येतंय? नुसतं खरखर आणि गुंईं. रात्री चाळीस मीटरवर माझ्याकडे सिग्नल मीटरची सुई एस-७ वर ठाण मांडून बसायची, कुणी बोलत नसलं तरी. मला वाटलं, बँडच असा असेल. तीन महिने तसेच काढले. आता त्याचं वाईट वाटतं, कारण शोधायला लागले एक संध्याकाळ आणि एक बॅटरी.

रिसीव्हर बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज तसाच राहिला तर तो बाहेरून येतोय. पडला तर चोर घरात आहे. माझ्याकडे मेन पाडल्याबरोबर सुई एस-७ वरून एस-३ वर आली आणि इतके दिवस जिथे काहीच नव्हतं तिथे तीन स्टेशनं बोलत होती. मग एकेक एमसीबी चालू केला, मग त्या खोलीतला एकेक प्लग. सापडला तो लॅपटॉपचा चार्जर. माझाच, रेडिओच्या टेबलाखालचा. लॅपटॉप लावलेला नसतानाही तो चालूच होता.

चार एस-युनिट म्हणजे काय ते समजून घ्या. एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे शक्ती चौपट. चार युनिट म्हणजे २४ डेसिबल, म्हणजे अडीचशे पट. शंभर वॅटवाला समोरचा माणूस त्या चार्जरच्या गोंगाटातून मला तितकाच स्पष्ट ऐकू यायला हवा असता, तर त्याला पंचवीस किलोवॅट लागले असते. मी एक प्लग उपटला. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर, स्वस्तातले अडॅप्टर, हे नेहमीचे संशयित. काढता येत नसेल तर त्याच्या वायरला फेराइटच्या कड्यातून आठ-दहा वेढे द्या. आणि समोरून उत्तरं मिळत नाहीत म्हणून अँप्लिफायर घ्यायचा विचार मनात आला, तर आधी घराचा मेन स्विच पाडून बघा. समोरच्याने उत्तर दिलं असेल, तुम्हालाच ऐकू आलं नसेल.

सूर्याचं वेळापत्रक

कोणत्या वेळी कोणता बँड, हे वाचून निम्मं कळतं आणि वहीतून उरलेलं. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागात, साधारण ६० ते ९० किलोमीटरवर, आयनोस्फिअरचा 'डी' थर तयार होतो आणि खालच्या फ्रीक्वेन्सी शोषून घेतो. त्यामुळे दुपारी ७ मेगाहर्ट्झवर काही शे किलोमीटरचं बोलणं होतं. सूर्य मावळला की 'डी' विरतो, सिग्नल वरच्या 'एफ' थरापर्यंत पोचून परततात आणि तीच तार हजारो किलोमीटर ऐकायला लागते. १४ मेगाहर्ट्झचा, वीस मीटरचा बँड बहुतेक दिवसा दूरवर जातो. २८ मेगाहर्ट्झ सूर्याच्या मर्जीवर असतो. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं, ते चढतीला असलं की हा बँड थोड्याशा वॅटमध्ये जगभर जातो, उतरतीला महिनोन् महिने सुनसान.

बँड उघडा आहे की नाही हे विचारायची गरज नाही. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातले १८ बीकन, म्हणजे आपोआप सिग्नल पाठवणारी स्टेशनं, आळीपाळीने प्रत्येकी दहा सेकंद बोलतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. प्रत्येक जण कॉलसाइन आणि एक लांब सूर १०० वॅटवर देतो, मग १० वर, १ वर आणि शेवटी ०.१ वॅटवर. दूरच्या खंडातला तो शेवटचा, टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी शक्तीचा सूर ऐकू आला, की मी घड्याळ न बघता माइक उचलते.

हातातला संच

बरेच जण सुरुवात पाच वॅटच्या हँडीने, म्हणजे हातात मावणाऱ्या संचाने, आणि दोन मीटरच्या बँडवरच्या रिपीटरने करतात. चांगलं आहे, ओळखी होतात. रिपीटर उंचावर असतो, एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर तेच पुन्हा पाठवतो. दोन मीटरवर हे अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असतं. शिवाय बऱ्याच रिपीटरना आपल्या आवाजाखाली एक मंद सूर, सीटीसीएसएस टोन, लागतो. मी आठवडाभर हाका मारल्या, कुणी उत्तर देईना. मला सगळे ऐकू येत होते, म्हणून लोक तुसडे आहेत अशी माझी समजूत झाली. टोनच लावला नव्हता, रिपीटरला मी अस्तित्वातच नव्हते.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. हँडी पिशवीत टाकली आणि बोलायचं बटण दाबलं गेलं. रिपीटरने वेळ संपल्यावर मला तोडलं, पण तोपर्यंत मी स्वतःशी गुणगुणत चालल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. कीपॅडचं लॉक या बटणाला लागत नाही, म्हणून आता पिशवीत टाकताना हँडी बंदच करते. याच हँडीवर १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून ठेवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा, ते प्रक्षेपण करत असेल तर, जेमतेम दहा मिनिटं त्यातले अंतराळवीर किंवा त्यांनी पाठवलेल्या चित्रांचे सूर ऐकू येतात.

आता सीक्यू

इथे संच घ्या. शंभर वॅटचा, वापरलेला असला तरी चालेल, पण विकणाऱ्याने तुमच्यासमोर चालवून दाखवलेला. १३.८ व्होल्टचा आणि वीस-बावीस अँपिअर देणारा पॉवर सप्लाय लागेल. बॅटरी लावलीत तर वायरमध्ये फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या बाजूला.

आधी दुसऱ्या कुणाच्या तरी सीक्यूला उत्तर द्या. फक्त आपला कॉलसाइन, सावकाश, एकदाच. तो रिपोर्ट देईल, तुम्ही द्या. '५९' म्हणजे आवाज पूर्ण कळतोय आणि जोर चांगला आहे. मग नाव, ठिकाण, ७३. पहिल्या वेळी घसा कोरडा पडतो आणि स्वतःचाच कॉलसाइन आठवत नाही. तो मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा. मी अजून काढलेला नाही.

स्वतः सीक्यू द्यायचा तर आधी मिनिटभर ऐका, मग "ही फ्रीक्वेन्सी वापरात आहे का?" असं दोनदा विचारा. बोलणाऱ्या दोघांपैकी एक तुम्हाला ऐकू येत नसेल असं होऊ शकतं. माइक गेन वाढवून आवाज मोठा होत नाही, फाटतो आणि शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर सांडतो.

दुर्मीळ स्टेशनभोवती गर्दी जमते, तिला पाइल-अप म्हणतात. तो माणूस "अप फाइव्ह" म्हणाला तर तो ऐकतोय पाच किलोहर्ट्झ वर, स्वतःच्या फ्रीक्वेन्सीवर नाही. संचात स्प्लिट, म्हणजे ऐकायची एक आणि बोलायची दुसरी फ्रीक्वेन्सी, लावावं लागतं. मी न लावता हाक मारली आणि चहूबाजूंनी "अप! अप! अप!" असा कल्ला झाला. तेवढ्यात त्याने कुणाला उत्तर दिलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. मी संच बंद करून अर्धा तास बाहेर जाऊन बसले.

बोलायचं नसेल तेव्हा

एफटी८ हा संगणकाने संदेश पाठवायचा-वाचायचा डिजिटल मोड २०१७ मध्ये आला. तो बनवणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. पंधरा सेकंद पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं, तेही कानाला न कळणाऱ्या क्षीण सिग्नलवर. ७.०७४ आणि १४.०७४ वर तो कायम चालू असतो, आणि इथे चाळीस मीटरवरही यूएसबीच. पडद्यावर एकही ओळ उमटत नसेल तर आधी संगणकाचं घड्याळ बघा. माझं तीन सेकंद मागे होतं, मी मात्र संध्याकाळभर केबली बदलत होते. लहान जागा आणि वाकडीतिकडी तार असणाऱ्यांना हा मोड वरदान आहे. मला मात्र तासाभरात कंटाळा येतो, दोन संगणकांच्या गप्पा बघत बसल्यासारखं वाटतं.

मॉर्स शिकायचं असेल तर कागदावर टिंबं-रेघा काढू नका, पुढे वेग वाढला की त्याच आडव्या येतात. आवाज म्हणूनच शिका: सीक्यू म्हणजे 'डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा'. अक्षरं पहिल्या दिवसापासून मिनिटाला अठरा-वीस शब्दांच्या वेगाने ऐका, फक्त मधली जागा लांब ठेवा. कोख पद्धतीत दोन अक्षरांपासून सुरुवात होते आणि दहातली नऊ ओळखता आली की पुढचं एक वाढवायचं. रोज पंधरा मिनिटं, रविवारी एकदम तीन तास नको.

नोंद

प्रत्येक संपर्क लॉगमध्ये लिहा: तारीख, यूटीसी वेळ, फ्रीक्वेन्सी, मोड, कॉलसाइन, दोन्ही रिपोर्ट. यूटीसी म्हणजे जगभर एकच धरलेली वेळ, घरातलं घड्याळ नाही. मी पहिले दोन महिने भिंतीवरची वेळ लिहिली. रात्रीच्या संपर्कांची तारीखही त्यामुळे चुकली. 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड'मध्ये, म्हणजे २००३ पासून चालणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीत, सगळं चढवलं तर एकही संपर्क जुळेना. चूक कळल्यावर पूर्ण फाइल तितक्याच तासांनी सरकवली आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे जुळले.

माझ्या पहिल्या सीक्यूला उत्तर देणारा तेवढा जुळला नाही. चार्जर सापडायच्या आधीचा संपर्क होता तो, एस-७ च्या खरखरीतला. त्याने कॉलसाइन ब्राव्हो-डेल्टा न लावता नुसता अक्षरांत सांगितला होता, आणि पुन्हा विचारायचा मला संकोच वाटला होता. दीड वर्षाने क्यूएसएल ब्युरोकडून, म्हणजे संपर्काची पोचपावती कार्डं गोळा करून पाठवणाऱ्या संस्थेकडून, कागदी कार्डांचा गठ्ठा आला, त्यात त्याचं कार्ड होतं. तारीख तीच, फ्रीक्वेन्सी तीच, मला दिलेला रिपोर्ट ५७. शेवटून दुसरं अक्षर 'डी' होतं. मी वही काढली, पहिल्या पानावरचा 'बी' खोडला आणि वर 'डी' लिहिलं.